छकुलीचे ऊन

बडोद्यास दांडिया बाजारात लहानाची मोठी झालेली माणसे पुढे कधी ऊन विकत घ्यावयास निघतील, असे कोणी सांगितले असते तर आम्ही हसलो असतो. आमच्याकडे ऊन टाळावयाचे असते. परंतु उत्तर इंग्लंडातील लीड्स शहरी चार हिवाळे काढल्यावर आमचे मत पालटले. डिसेंबरात तेथे आठ वाजून गेल्यावर उजाडते आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. मधल्या साडेसात तासांतही तो दिसेलच याची खात्री नाही. आमची छकुली तेव्हा बावीस महिन्यांची होती. चित्रांच्या पुस्तकातला पिवळा गोल पाहून ती खिडकीकडे धाव घेई आणि रस्त्यावरच्या दिव्याकडे बोट दाखवून ‘सूय्य!’ म्हणे. पहिल्यांदा आम्ही कौतुकाने हसलो. मग हसू आले नाही.

मुलीपेक्षाही काळजी तिच्या आईची होती. आम्हां दोघांपैकी जी दिवसभर घरात असे, ती हळूहळू अबोल होत चालली होती. डॉक्टरांनी आस्थेने विचारपूस केली, बोलून मन मोकळे करण्याची सोय सांगितली आणि दिवसाउजेडी बाहेर पडत जा, असे बजावले. इंग्लंडात ऑक्टोबर ते मार्चच्या आरंभापर्यंतच्या उन्हातून शरीरास पुरेसे ड जीवनसत्त्व तयार करता येत नाही. म्हणून तेथील आरोग्यखाते एक ते चार वर्षांच्या मुलांना ते वर्षभर रोज १० मायक्रोग्रॅम द्यावयास सांगते. छकुलीचे थेंब चालूच होते. पण थेंबांनी अंधार जात नाही. तेव्हा जानेवारीत आठवडाभर कोठे तरी उन्हात जाऊन यावे, असा विचार आमच्या मनात आला.

‘कोठे तरी’ कशाला? बडोदे आहे ना! छकुलीच्या आजीने फोनवर हेच विचारले. “सूर्य काय तिकडे वेगळा उगवतो? त्याच पैशांत इकडे या.” तिचे म्हणणे खोटे नव्हते; नातीला तिने एकदाच मांडीवर घेतले होते. परंतु त्या वेळी सात दिवसांहून अधिक रजा मिळत नव्हती. लीड्सपासून बडोद्याच्या घरापर्यंत, मधला विमानतळ धरून, वीस-बावीस तास लागतात. शिवाय घड्याळात साडेपाच तासांचा फरक. मागील खेपेस मुलीची झोप रुळावर यावयास पाच दिवस लागले होते आणि सहाव्या दिवशी तिला ताप भरला होता. हे सारे सांगितले, तरी आजीचा स्वर पडला तो पडलाच. पुढील आठ दिवस ती फोनवर केवळ नातीशी बोलली.

इकडे आमचे नकाशे पसरले. दुबईस ऊन हमखास, पण प्रवास सात तासांचा आणि वेळेचा फरक चार तासांचा. सायप्रस जवळ, पण तेथे जानेवारी हा पावसाचा महिना. दक्षिण स्पेनात दुपारी सोळा-सतरा अंश. इंग्रज मंडळी त्यास ऊन म्हणतात, बडोदेकर म्हणणार नाहीत. शेवटी बोट थांबले ते कॅनरी बेटांवर. ही बेटे स्पेनची, परंतु स्पेनच्या भूमीपासून हजार किलोमीटरहून दूर आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून जेमतेम शंभर किलोमीटरवर. त्यांतील सर्वांत मोठे टेनेरीफ हे सुमारे २८ अंश अक्षांशावर, म्हणजे जवळजवळ दिल्लीच्या रेषेत येते. पण चोहोंकडे समुद्र असल्याने दिल्लीची थंडी तेथे नाही. जानेवारीत दुपारी २० ते २२ अंश, रात्री १५ च्या आसपास. विमान साडेचार तासांचे. आणि मूल सोबत असणाऱ्यांसाठी सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे तेथील घड्याळ इंग्लंडच्या घड्याळाबरोबर चालते. मुलीची झोप जागच्या जागी!

मात्र बेट निवडले म्हणजे काम झाले असे नव्हे. बेटाची बाजूही निवडावी लागते. मध्यभागी तेइदे नावाचा ज्वालामुखी ३७०० मीटरांहून अधिक उंच उभा आहे. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे त्याच्या उतारांवर अडतात आणि ढग उत्तरेकडे साचतात. म्हणून उत्तर बाजू हिरवीगार, दमट. आणि दक्षिण बाजू कोरडी, रुक्ष, पण उन्हाची. आपल्या सह्याद्रीच्या दोन बाजूंत जसा फरक, तसाच हा. आम्ही दक्षिणेकडील लॉस क्रिस्तियानोस हे जुने कोळ्यांचे गाव ठरविले. तेथील पुळण बंदराच्या आडोशास आहे, आणि किनाऱ्यालगतची फरसबंद वाट अशी सपाट की बाबागाडी एका हाताने ढकलावी.

आता कागदपत्रे. आम्ही भारतीय पारपत्रधारक. इंग्लंडात राहत असलो तरी स्पेनसाठी शेंगेन व्हिसा लागतो, आणि तो तान्ह्या मुलासही स्वतंत्र लागतो. प्रौढांस शुल्क ९० युरो. सहा वर्षांखालील मुलांस माफ. बारा वर्षांखालील मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत. अर्ज प्रवासापूर्वी सहा महिन्यांपासून पंधरा दिवसांपर्यंत करता येतो. पण भेटीची वेळ मिळण्यासच आठवडे जातात, तेव्हा पंधरा दिवसांवर विसंबू नये. तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे, आणि परतीच्या तारखेनंतर पारपत्राची किमान तीन महिने मुदत उरावी लागते.

तारखांतही एक मेख आहे. दोन वर्षांखालील मूल विमानात आईबापांच्या मांडीवर बसते. पण प्रवासाच्या मध्येच त्याचा दुसरा वाढदिवस आला, तर परतीस त्याला स्वतंत्र आसन घ्यावे लागते. छकुलीचा वाढदिवस जानेवारीच्या अखेरीस. नाताळात भाडे कडाडलेले असते, आणि स्पेनात ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत सुट्टीच असते. म्हणून आम्ही ९ ते १६ जानेवारी २०२५ हा आठवडा धरला.

तिकिटे काढण्याच्या आदल्या रात्री आजीचा फोन आला. “किती तासांचा प्रवास म्हणालास?” “साडेचार.” “आणि इकडचा?” “बावीस.” ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मग तिकडेच जा. सुनेला आधी ऊन दाखव. मी काही पळून जात नाही.” त्या एका वाक्याने आमच्या मनावरचे जे ओझे उतरले, ते बेटावर पोहोचण्यापूर्वीच अर्धी सहल घडल्यासारखे होते.

विमानात चढताना व उतरताना आम्ही छकुलीस दुधाची बाटली दिली. गिळत राहिल्याने कानांत दडे बसत नाहीत. मुलांचे दूध १०० मिलिलिटरांच्या मर्यादेत मोजत नाहीत, ही माहिती उपयोगी पडली. उतरण्यापूर्वी ढगांच्या वर एकटेच डोके काढून उभा असलेला तेइदे दिसला. आम्ही त्याला तेथूनच नमस्कार केला. रज्जुमार्ग ३५५५ मीटरांपर्यंत नेतो. एवढी विरळ हवा दोन वर्षांच्या जिवासाठी नव्हे.

आमच्या बेतांपैकी निम्मे फसले, हेही सांगितले पाहिजे. समुद्राचे पाणी जेमतेम एकोणीस अंश. छकुलीने एक पाऊल बुडविले आणि आठवडाभर लाटांकडे पाठ फिरविली. पोहण्याचे तीन पोशाख घडी न मोडता परत आले. गार वाऱ्यामुळे ऊन लागत नाही असा भास होतो. पहिल्याच दिवशी तिच्या आईची मान भाजली. तेव्हापासून टोपी, सनस्क्रीन आणि अकरा ते तीन सावली हा नियम झाला. एके दिवशी दुसऱ्या बेटावर बोटीने जाण्याचा बेत होता. तो मुलीच्या झोपेपायी सोडला. दिवसाला एकच काम ठरवावे आणि तेही न झाल्यास हळहळू नये, हा धडा आम्ही तिसऱ्या दिवशी शिकलो.

स्वयंपाकघर असलेली खोली घेतली होती, ते शहाणपणाचे ठरले. वरणभात घरचा; त्यास जोड तेथील मिठाच्या पाण्यात उकडलेल्या सालीसकट छोट्या बटाट्यांची. केळी लहान आणि गोड. दुकानात ‘गोफियो’ नावाचे भाजलेल्या धान्याचे पीठ मिळाले. बेटावरील मुळचे रहिवासी, ग्वांचे लोक, स्पॅनिश येण्यापूर्वीपासून ते खात. तेथे मुलांना ते दुधात कालवून देतात. छकुलीने वाटी चाटून पुसून दिली.

आणि १४ जानेवारीस संक्रांत आली. तिळाच्या वड्या आम्ही डब्यात नेल्याच होत्या. सकाळी दहा वाजता पुळणीवर बसून फोन लावला. बडोद्यास दुपारचे साडेतीन, गच्चीवर पतंगांची धमाल. आजीने फोन आकाशाकडे फिरविला, आम्ही समुद्राकडे. छकुलीने मान वर करून डोळे बारीक केले आणि आकाशाकडे बोट दाखवीत म्हणाली, ‘सूय्य!’ या वेळी ते बरोबर होते. गोफियोचे वर्णन ऐकताच आजी उद्गारली, “अगं, म्हणजे आपले सातूचे पीठच की! एवढ्यासाठी तिकडे गेलात होय?” त्यावर सूनबाई खळखळून हसली. तो आवाज आम्ही कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता.

एका आठवड्याच्या उन्हाने हिवाळा सरत नाही, हे आम्ही जाणतो. परत आल्यावरही अंधार होता, डॉक्टरांकडच्या खेपाही होत्या. परंतु दुपारी बाबागाडी घेऊन बाहेर पडण्याची सवय मात्र बेटावरून बरोबर आली, आणि ती टिकली. राहिला आजीचा हिशेब. त्यासाठी पुढील रजा आम्ही मोडू दिली नाही. साठवून तीन आठवडे केली आहे. छकुलीला आता स्वतंत्र तिकीट लागेल. ते आम्ही आनंदाने काढू, आणि संक्रांत दांडिया बाजारच्या गच्चीवर होईल.