हातगाडी ढकलणाऱ्या बाईचे थिएटर

न्यूयॉर्क म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आभाळाला टेकलेल्या इमारती उभ्या राहतात. पण त्या शहराच्या खालच्या अंगाला, बॉवरी आणि सेकंड अव्हेन्यू या दोन मोठ्या रस्त्यांच्या मधोमध, ईस्ट फोर्थ स्ट्रीट नावाचा एक साधा रस्ता आहे. तिथे गगनचुंबी काही नाही. चार-पाच मजली विटांची घरे, दर्शनी बाजूला आगीच्या वेळी उतरायला केलेले लोखंडी जिने, तळमजल्याला दुकाने. आपल्या गिरणगावातल्या माणसाला ही वस्ती फारशी परकी वाटणार नाही. या रस्त्यावर ७४-ए क्रमांकाच्या इमारतीत एक नाट्यगृह आहे. त्याचे नाव ‘ला मामा’.

भाच्याच्या आग्रहावरून आणि त्यानेच काढून दिलेल्या तिकिटावर माझे अमेरिकेला जाणे झाले. कोलंबिया विद्यापीठ पाहून झाले (ते आपल्यापैकी कुणी चुकवत नाही), आणि तिथून भुयारी रेल्वेने खाली येऊन आम्ही या रस्त्यावर उतरलो. प्रवासवर्णनात लोक स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा आणि मोठमोठे पूल लिहितात. ते सर्व वाचकांना सिनेमातून ठाऊक आहे. मला लिहावेसे वाटते ते या नाट्यगृहाबद्दल, कारण ते एका कष्टकरी बाईने उभे केले आहे आणि त्याचा जमाखर्च कारकुनाच्या नजरेनेही पाहण्यासारखा आहे.

प्रथम ही वस्ती कशी आहे ते सांगतो. शहराचा हा भाग म्हणजे युरोपातून बोटीने आलेल्या गरीब माणसांचे पहिले बिऱ्हाड. आधी जर्मन आले, मग पूर्व युरोपातले ज्यू, इटालियन, नंतर पोर्तो रिकोचे लोक. एकेका खोलीत आठ-आठ माणसे राहत आणि शिवणयंत्रावर दिवसरात्र कपडे शिवत. इथून पंधरा-वीस मिनिटांच्या चालीवर ट्रँगल नावाचा शिवणकारखाना होता. २५ मार्च १९११ रोजी त्याला आग लागली. कारखान्याचे दार कुलूपबंद होते. १४६ कामगार मेले, त्यांत बहुतेक तरुण मुली होत्या. त्यानंतर अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षिततेचे कायदे कडक झाले. ला मामाची इमारतही त्या जुन्या काळातलीच. १८७३ साली ती जर्मन वादकांच्या संघासाठी बांधली गेली.

आता त्या बाईची हकिकत. तिचे नाव एलेन स्टुअर्ट. ही काळी स्त्री १९१९ साली जन्मली. १९५० साली ती न्यूयॉर्कला आली ती कपड्यांची रचनाकार होण्याचे स्वप्न घेऊन. पण काळ्या बाईला ते काम कोण देणार? एका बड्या कपड्यांच्या दुकानात तिला हलक्या कामावर ठेवले. अंगावर निळा डगला घालून काम करायचे. जेवणाच्या सुट्टीत ती डगला उतरवी, तेव्हा आत तिने स्वतः शिवलेला पोशाख दिसे. गिऱ्हाईक बायका विचारू लागल्या, हा पोशाख कुठे मिळतो? तेव्हा कुठे मालकांचे डोळे उघडले आणि पुढे ती त्याच दुकानात रचनाकार झाली.

त्या पोशाखांचे कापड कुठून येई, हे या हकिकतीत सर्वांत महत्त्वाचे आहे. रविवारी ती ऑर्चर्ड स्ट्रीटच्या बाजारात हिंडे. तिथे एब्राहम डायमंड नावाचा एक ज्यू कापडविक्रेता होता. त्याने या अनोळखी मुलीला लेकीसारखे मानले आणि शिवायला कापड दिले. या रस्त्यावर पूर्वी हातगाडीवरचा धंदा मोठा होता. डायमंड तिला त्याच भाषेत सांगे. त्याच्या सांगण्याचा मथितार्थ असा, की प्रत्येक माणसाची स्वतःची एक हातगाडी असावी. पण ती दुसऱ्यांसाठी ढकलली, तर तीच तुम्हाला जायचे तिथे नेते. एलेनबाई हे वाक्य जन्मभर सांगत राहिल्या.

१९६१ साली त्यांनी ईस्ट नाइन्थ स्ट्रीटवर एक तळघर भाड्याने घेतले. भाडे महिना ५५ डॉलर. त्यांचा मानलेला भाऊ नाटके लिहीत असे, त्याला आणि त्याच्या मित्राला नाटक करायला जागा हवी होती. बाईंना स्वतःला नाटकातले फारसे कळत नव्हते, आणि तसे त्या मोकळेपणाने सांगत. १९६२ च्या जुलैत तिथे पहिले नाटक झाले. जेमतेम पंचवीस-तीस माणसे बसतील एवढी ती जागा.

शेजाऱ्यांना मात्र ते खपले नाही. एका काळ्या बाईच्या तळघरात गोरे तरुण संध्याकाळी येतात-जातात, म्हणजे तिथे वाईट धंदा चालत असणार, अशी तक्रार त्यांनी केली. तपासणीला सरकारी निरीक्षक आला. योगायोग असा, की तो म्हातारा पूर्वी स्वतः रंगमंचावर काम केलेला नट होता. तिथले सामान पाहताच काय चालले आहे ते त्याने ओळखले. नाट्यगृहाचा परवाना मिळणे कठीण, त्यापेक्षा कॉफीच्या दुकानाचा परवाना काढा, असा सल्ला त्यानेच दिला. परवान्यावर नाव काय घालायचे? बाईंना सगळी पोरे ‘मामा’ म्हणजे आई म्हणत. म्हणून नाव पडले ‘कॅफे ला मामा’. एका बाजूला शेजाऱ्यांचा संशय आणि दुसऱ्या बाजूला एका सरकारी माणसाने वाकवलेली वाट, यांतून ही संस्था जन्मली.

आता जमाखर्चाकडे येऊ. न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवे म्हणून जे ओळखले जाते ते पाचशेपेक्षा जास्त खुर्च्यांच्या मोठ्या नाट्यगृहांचे जग आहे. तिथले तिकीट आपल्यासारख्याच्या पगाराला झेपणारे नाही. त्यापेक्षा लहान नाट्यगृहांना ‘ऑफ-ब्रॉडवे’ म्हणतात. आणि शंभराच्या आतल्या जागा, म्हणजे तळघरे, कॉफीची दुकाने, चर्चची सभागृहे, यांना ‘ऑफ-ऑफ-ब्रॉडवे’. ला मामा ही या शेवटच्या प्रकाराच्या मूळ जागांपैकी एक. सुरुवातीला तिथे तिकीट नव्हते. लोक कॉफी प्यायचे, प्रयोगानंतर टोपी फिरायची आणि ज्याला जमेल तो नाणे टाकायचा. त्यात भाडे भागत नसे. ते भरण्यासाठी एलेनबाई दिवसा कपड्यांच्या कामावर जात. त्यांच्या पगारावर लेखक-नटांची एक पिढी वाढली.

परवान्याच्या आणि इमारतीच्या नियमांपायी ही जागा पुन्हा पुन्हा हलवावी लागली. १९६९ साली फोर्ड आणि रॉकफेलर या दोन मोठ्या प्रतिष्ठानांच्या मदतीने ७४-ए मध्ये कायमचे बस्तान बसले. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर बाई राहत. १९८५ साली त्यांना मॅकआर्थर प्रतिष्ठानची मोठी शिष्यवृत्ती मिळाली. स्वतःसाठी घर घ्यायचे सोडून त्यांनी इटलीत स्पोलेटो गावाजवळ एक जुना मठ घेतला आणि तो जगभरच्या कलावंतांना राहून काम करायला खुला केला. १३ जानेवारी २०११ रोजी, ९१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. २०१८ साली या संस्थेला अमेरिकेतील नाट्यक्षेत्राचा मानाचा टोनी पुरस्कार मिळाला. जुन्या इमारतीची मोठी दुरुस्ती होऊन २०२३ साली ती पुन्हा उघडली. शेजारच्या ६६ क्रमांकाच्या इमारतीतल्या मोठ्या नाट्यगृहाला आज एलेन स्टुअर्ट यांचे नाव आहे.

आगामी प्रयोगांची जाहिरात पाहिली की ही जागा इतरांपेक्षा वेगळी कशी ते कळते. मोठ्या नाट्यगृहाबाहेरच्या फलकावर आपण ओळखीचे चेहरे शोधतो. इथल्या यादीत बहुतेक नावे अनोळखी. नाटक, नाच, बाहुल्यांचा खेळ, मुलांसाठीचे कार्यक्रम, परदेशी पाहुण्यांचे प्रयोग, सगळे एकापाठोपाठ. वसंतात खास नृत्याचा महोत्सव भरतो. यातले पुष्कळसे काम आजवर कुणी पाहिलेले नसते, त्यामुळे ते चांगले की वाईट हे सांगणाराही कुणी नसतो. एलेनबाई संहिता वाचून निवड करीत नसत. समोर आलेल्या माणसाशी बोलून आतून कौल मिळाला, की त्या त्याला तारीख देत. तारीख मिळाली म्हणजे जागा मिळाली, आणि नाटक पडले तरी माणूस पडला असे कुणी मानीत नसे.

असे केल्याने काय निघाले? सॅम शेपर्ड आणि लॅनफर्ड विल्सन या पुढे नावाजलेल्या नाटककारांची सुरुवातीची नाटके इथे झाली. अल पचिनो, रॉबर्ट डी नीरो ही सिनेमातली बडी माणसे उमेदवारीच्या काळात इथे उभी राहिली. १९८१ साली जपानचे काझुओ ओनो इथे नाचले. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात ‘बुतो’ नावाचा एक नाच निघाला. अंगाला पांढरा रंग फासून अतिशय संथपणे, जणू मृत्यूच्या कडेवरून चालावे तसे नाचायचे. ओनो हे त्याचे एक आद्य नर्तक. पोटासाठी त्यांनी मुलींच्या शाळेत कवायतीचे मास्तर म्हणून वर्षानुवर्षे नोकरी केली. ला मामात आले तेव्हा वय पंचाहत्तरीला टेकलेले! नोकरी सांभाळून कला जपणाऱ्या आपल्या मंडळींनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आम्ही गेलो त्या संध्याकाळी नाचाचा प्रयोग होता. पडदा नाही, विंगा नाहीत, काळ्या भिंती आणि मोकळी जमीन. तीन नर्तक रोजच्या कपड्यांत, अनवाणी. बराच वेळ संगीतही नव्हते, फक्त पावलांचा आणि श्वासाचा आवाज. एकजण पुन्हा पुन्हा पडत होता आणि दोघे त्याला उचलीत होते. गोष्ट अशी काही नव्हती. तरी इमारतीच्या बांधकामावर माणूस पडला की बाकीचे जसे धावतात, तसे ते मला दिसले. भाचा म्हणाला, “मामा, मला यातले काहीच कळले नाही.” शेजारी बसलेल्या आजीबाईंना तो मराठी कळली नसावी, पण सूर कळला. त्या हसून म्हणाल्या की त्या चाळीस वर्षे इथे येतात, सगळे कधीच कळत नाही, पण घरी गेल्यावर आठवत राहते. प्रयोगानंतर नर्तक बाहेर दालनात येऊन लोकांशी बोलत उभे होते. घाम पुसत पुसत, अगदी आपल्या वस्तीतल्या नाटकानंतर पोरे उभी राहतात तसे. एक सांगून ठेवतो, इथले सगळेच प्रयोग मुलांना घेऊन पाहण्याजोगे नसतात. आधी चौकशी करून जावे.

मराठी माणसाला हा प्रकार अगदीच नवा नाही. दादरच्या छबिलदास मुलांच्या शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’ संस्थेने १९७४ पासून असेच प्रयोग सुरू केले. अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे, अरुण काकडे ही मंडळी त्यामागे होती. दिवसा शाळा, संध्याकाळी नाटक. त्या एका सभागृहामुळे मराठी प्रायोगिक रंगभूमीला ‘छबिलदास चळवळ’ असे नावच पडले. पुढे ती जागा सुटली आणि संस्थेला माहीमच्या महापालिका शाळेत बिऱ्हाड हलवावे लागले. दोन्हीकडे माणसे जिद्दीचीच होती. फरक मालकीच्या छपराचा. ला मामाकडे स्वतःची इमारत राहिली म्हणून ती बाई गेल्यावरही संस्था चालू आहे.

हे सगळे लिहिण्याचे कारण आपल्या वस्त्यांतच आहे. आपली मुले जयंतीला एकांकिका बसवतात, पथनाट्ये करतात, गाणी रचतात, मुली नाच बसवतात. वर्षातून एकदा मंडपात प्रयोग होतो आणि मग वही पेटीत जाते. तालमीला जागा नाही. एकाच्या घरी करावी तर शेजारी ओरडतात, मैदानात करावी तर पाऊस. आणि त्याच वस्तीत समाजमंदिराचे सभागृह आठवड्यातले पाच-सहा दिवस कुलपात असते. किल्ली कुणाकडे, यावर कमिटीत वाद. प्रेमानंद गज्वी यांच्या ‘घोटभर पाणी’ या एकांकिकेला फक्त दोन नट लागतात. नेपथ्याचा डामडौल नाही. तेवढ्यावर तिचे गावोगावी प्रयोग झाले. म्हणजे पैशावाचून अडते असे म्हणायला जागा नाही.

वस्तीतल्या कमिटीने महिन्यातली एक संध्याकाळ ठरवावी. चांगले-वाईट आधी न तोलता, जो मुलगा किंवा मुलगी येईल तिला तारीख द्यावी. पंचवीस-तीस खुर्च्या मांडाव्यात, टोपी फिरवावी, जमा-खर्च दुसऱ्या दिवशी फलकावर लावावा. आयाबायांनी पुढच्या रांगेत बसावे. प्रयोग फसला तर पोराला चहा पाजून पुढची तारीख द्यावी. न्यूयॉर्कच्या त्या तळघरात याहून अधिक काही नव्हते. एक बाई होती, तिच्याकडे किल्ली होती, आणि भाडे ती स्वतःच्या पगारातून भरत होती. आपल्याकडे तर भाडेही भरायचे नाही. येत्या कमिटीच्या बैठकीत एवढा एकच विषय घ्यावा, की किल्ली कुणाकडे द्यायची.