जाळीची खालची कड

हात थरथरू लागल्यापासून दुर्बिणीने होणाऱ्या जांघेच्या हर्नियाच्या ऑपरेशनात मी कॅमेरा धरतो. शस्त्रं माझा विद्यार्थी चालवतो. नुसतं पाहायचं काम आलं, तशी माझी नजर हर्निया झाकणाऱ्या जाळीच्या खालच्या कडेवरच खिळून राहू लागली.

गढ्यातल्या आमच्या रुग्णालयात मटाराची पोती वाहणारे हमाल येतात. काहींचं ऑपरेशन दुसरीकडे झालेलं, गाठ पुन्हा आलेली. ‘वजन उचललं असशील’ म्हणून त्यांनाच दटावलेलं असतं. याचा मला संताप येतो. आत पाहावं तर जाळी वर चोख बसलेली आणि खाली दुमडलेली.

१० बाय १५ सेंटिमीटरची जाळी सहसा पुरते, पण तिला खालपर्यंत जागा हवी. पेरिटोनियमचा पडदा शुक्रवाहिनीवरून, रक्तवाहिन्यांवरून सोलत पार मागे न्यावा लागतो. अलीकडे थांबलात, की आत भरलेला गॅस सोडताना तोच पडदा जाळीखाली शिरतो आणि कड उचलतो. तिथे जाळी खिळवणारा टॅकरही मारता येत नाही. मध्ये मोठ्या रक्तवाहिन्या, बाहेरच्या अंगाला नसा. जिथे जाळी निसटते, नेमकी तिथेच खिळ्याला मनाई. तरी नवे सर्जन वरच्या बाजूला टॅकर वाढवत बसतात.

उघड्या ऑपरेशनला जुनाट म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. २००४ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतला अभ्यास आला: दोन वर्षांत उघड्या पद्धतीनंतर ४.९ टक्के हर्निया परतले, दुर्बिणीनंतर १०.१ टक्के. २५०हून जास्त दुर्बिणीची ऑपरेशनं केलेल्यांच्या हाती मात्र ते बरेच कमी परतले. पुण्याच्या मोहन देसरडांनी तर जाळी वगळून रुग्णाच्याच अंगातल्या पट्टीने भिंत उभी केली. मी ती पद्धत करत नाही, पण तिला हसणाऱ्यांनी आधी आपली खालची कड दाखवावी.

गॅस अजून मीच सोडतो. हळूहळू, कॅमेरा आत ठेवून, विद्यार्थ्याने पकडीने कड दाबून धरलेली असताना. तेवढी मालकी सुटत नाही. गर्वच आहे तो. विद्यार्थी माझ्यापेक्षा खाली जातो, न घाबरता, आणि त्याची तारीफ करताना माझा आवाज आखडतो.

आमच्यात वाद एकच उरलाय. मोठ्या डायरेक्ट हर्नियात जाळीच भिंतीतल्या भोकात फुगून शिरू शकते, म्हणून जघनास्थीवरच्या कूपरच्या लिगामेंटवर टॅकर हवाच, असं मी म्हणतो. तो म्हणतो, जाळी मोठी घेऊ. परवा मी मारायला लावला. पुढच्या केसला तो पुन्हा विचारणार आहे.