एक जास्तीची शीर

वाईच्या घरी माजघराच्या खिडकीत सकाळी एक मधमाशी मरून पडली होती. दुपारी पाहिलं तर धड मुंग्यांनी नेलेलं, फळीवर नुसते पंख. खाण्यासारखं त्यांत काही नसतं, म्हणून ते मागे राहतात. ओल्या कुंचल्याच्या टोकानं मी ते काचपट्टीवर घेतले आणि भिंग डोळ्याशी नेलं.

नुसत्या डोळ्यांना दिसतो तो कांद्याचा पापुद्रा. भिंगाखाली त्याची भातखाचरं होतात. तपकिरी बांध, मध्ये लख्ख मोकळी जागा. पुढच्या कडेला एक लांबट, अरुंद खाचर आणि त्याच्या खालच्या अंगाला ओळीनं तीन लहान. पानांचे गोल तुकडे कापून नेणाऱ्या माशीला इथे दोनच असतात. हे बांध म्हणजे पोकळ शिरा. कोशातून सुटताना मऊ, चुरगळलेला पंख या शिरांत रक्त भरून उलगडतो, वाळून कडक होतो, आणि मग मरेपर्यंत तीच रेघ. किती वेगवेगळे कीटक, पण १८९८-९९ मध्ये कॉमस्टॉक आणि नीडहॅम या अमेरिकी अभ्यासकांनी सगळ्यांच्या शिरा एकाच मूळ आराखड्यावरून वाचून दाखवल्या. शिरांची लॅटिन नावं बरगडी, कोपर अशा अर्थाची. मला ती फार आवडतात. एवढ्याशा पंखाला आपल्या हाडांची नावं.

रंगावर माझा विश्वास राहिलेला नाही. झेंडूवर हवेत स्थिर उभी राहणारी पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची माशी मी कितीतरी वर्षं मधमाशीच समजत होते. तिला पंखांची एकच जोडी. शिवाय त्या पंखाच्या मधोमध एक खोटी शीर, कोणत्याच शिरेला धड न मिळालेली. पट्टे उसने घेता येतात, पंख घेता येत नाही.

माझ्या काचपट्टीवर मागचा पंखही होता. त्याच्या पुढच्या कडेवर बारीक आकड्यांची ओळ. उडताना ते पुढच्या पंखात अडकतात आणि दोन पंखांचा एक होतो. मला शोधायचं होतं ते त्याच्या मध्यावर. तिथे एक आडवी शीर येऊन मिळते. १९६० च्या दशकात पंजाबात आणलेली, आता पेट्यांमधून गावोगाव फिरणारी परदेशी मधमाशी, मेलिफेरा असेल, तर मधली शीर त्या सांध्यापाशीच संपते. आपल्या देशी मधमाशीची, सातेरीची, संपत नाही, थोडी पुढे जाऊन विरते.

काचपट्टी उजेडाकडे तिरकी केली. श्वासानं पंख उडेल म्हणून तोंडावर पदर धरला. सांधा दिसला आणि त्यापलीकडे, केसाहून बारीक, पुढे निघालेली रेघ.

वर महाबळेश्वरच्या बाजूला मांघर आहे, २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालेलं. तिथल्या पेट्यांत सातेरीच. ही मात्र कुठल्या पेटीतली नसेल, एखाद्या जुन्या भिंतीच्या पोकळीतली असेल. पुढच्या पंखाची बाहेरची कड, जिथवर शिरा पोचतच नाहीत ती पट्टी, झिजून दातेरी झाली होती.

वहीत चिकटपट्टीखाली पंख ठेवले. तारीख घातली. खाली लिहिलं: सातेरी, कामकरी, खूप उडालेली.