स्वस्तातली गिटार

नांदगावच्या माझ्या मावसभावाला गिटार घ्यायचीय. बजेट ४,००० रुपये, तेही मावशीने शिलाईकामातून साठवलेले. म्हणजे ही माळ्यावर गेली की दुसरी येणार नाही!

त्याला म्हटलं, बाबा रे, फोटो बघून मागवू नकोस. रेल्वेने नाशिकला जा, दुकानात हातात घेऊन बघ. १२व्या फ्रेटवर तार ३ मिलिमीटरपेक्षा उंच असेल तर बोटं सोलून निघतात, आणि कित्येकांची गिटार तिथेच सुटते. मग तार आधी मोकळी छेड, नंतर १२व्या फ्रेटवर दाबून. तोच सूर बरोब्बर वरच्या सप्तकात यायला हवा. यात पास झाली तर कोलकात्याची साधी गिव्हसनही चालेल. उरलेल्या पैशांत ०.०१० इंचाच्या हलक्या तारा घे. ट्यूनर मोबाईलवर फुकट मिळतो. अ‍ॅम्प वगैरे नोकरी लागल्यावर :-)