थंड फरसबी

उजव्या मनगटाचे हाड मोडल्यामुळे आमच्या गृहलक्ष्मीला डॉक्टरांनी सहा आठवड्यांची सक्तीची रजा दिली, आणि अठ्ठावीस वर्षे इंग्रजी काव्यावर व्याख्याने देत आलेल्या एका गृहस्थाला ऐन वैशाखात स्वयंपाकघरात पाऊल टाकावे लागले. वरणभात लवकरच साधला. पोळ्या शेजारून येत. पण उन्हाळ्यात आमच्या पानात डावीकडे फरसबीची थंडगार कोशिंबीर असते, तिच्यावाचून जेवण अपुरे वाटे. ('फ्रेंच बीन'चे आपण फरसबी केले खरे, पण ही शेंग मूळची फ्रान्सचीही नव्हे, अमेरिका खंडातली! पुण्याकडे तिला श्रावणघेवडा म्हणून पार घरचीच करून टाकली आहे.) कोशिंबिरीत काय, शिजवणे थोडे नि कालवणे फार, ती मी सहज करीन, असे मी जाहीर केले.

पाव किलो कोवळ्या शेंगांच्या शिरा काढून त्या बारीक चिरल्या, उकडल्या, आणि गरम असतानाच त्यांत दही, दाण्याचे कूट, मीठ, साखर घालून वर तुपाची जिरे-हिंगाची फोडणी ओतली. मग सारे फ्रिजमध्ये ठेवून दिले. दोन तासांनी पाहतो तो शेंगांचा रंग शेवाळलेल्या पाण्यासारखा झालेला, आणि तुपाच्या गोठलेल्या कण्या दह्यावर मेणासारख्या चिकटलेल्या. पत्नीने एक घास खाल्ला. "चव बरी आहे हो," ती म्हणाली. हे 'हो' मला परिचयाचे आहे.

आमच्या महाविद्यालयातील रसायनाच्या प्राध्यापकांना मी हे सांगितले, तेव्हा त्यांनी उलगडा केला. पानांतील हरितद्रव्याच्या रेणूत मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू असतो. आम्ल लागले, विशेषतः उष्णतेत, की तो निसटतो आणि हिरव्याचा मळकट तपकिरी रंग होतो. शेंगांच्या अंगचे आम्लही वाफेबरोबर थोडे निघून जावे, म्हणून त्या झाकण न ठेवता भरपूर उकळत्या पाण्यात पाचसहा मिनिटे शिजवाव्या आणि लगेच बर्फाच्या पाण्यात टाकाव्या. सोडा घातल्याने रंग राहतो, पण शेंगांचा लगदा होतो.

घरी येऊन हे ज्ञान मी मोठ्या उत्साहाने पत्नीला ऐकवले. ती म्हणाली, "अहो, म्हणूनच तर मी दही अगदी पाने वाढल्यावर कालवते. आणि थंड कोशिंबिरीला फोडणी तेलाची, तीही निववून."

पाने वाढल्यावर! मी गप्प झालो. "तू आमच्याबरोबर कधी बसत नाहीस," ही तक्रार मी किती वर्षे करीत होतो! प्रत्येक वेळी ती "आलेच" म्हणून आत वळे. आम्ही मात्र निम्मे जेवण उरकलेले असू. आत ती काय करते, हे पाहायला मी एकदाही उठलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी शेंगा सकाळीच उकडून, निथळून, कोरड्या करून थंड करायला ठेवल्या. रात्री पाने वाढली. ती डाव्या हाताने चमचा धरून बसली, मुलगा बसला, आणि मी आत जाऊन घुसळलेले दही, कूट, मिरची, कोथिंबीर कालवू लागलो. शेंगा पाचूसारख्या हिरव्या होत्या.

"बाबा, या ना, भात निवतोय," मुलाने हाक मारली.

"आलोच," मी म्हणालो. मीठ घालायचे अजून राहिलेच होते.