चूल नव्हे, शेगडीही नव्हे

उत्तर इंग्लंडमधल्या आमच्या जुन्या घराच्या दिवाणखान्यात गॅसवर चालणारी एक शेगडी होती. (स्वयंपाकाची नव्हे, खोली तापवण्याची.) शेवटची काही वर्षे ती बंदच होती. तिच्या जागी लाकडावर चालणारा, काचेच्या दाराचा स्टोव्ह बसवायचे आम्ही दोघांनी ठरवले आणि पहिली अडचण आली ती नावाची. भारतात फोनवर या वस्तूला म्हणायचे काय? 'स्टोव्ह' म्हटले की रॉकेलचा वास येतो आणि पिन शोधावी लागते. शेगडीत कोळसे असतात. बंब रूपाने सर्वांत जवळचा, त्यालाही जाळी, राख आणि मधून वर गेलेले धुराडे असते. पण त्याच्याभोवती पाणी आहे आणि सकाळच्या आंघोळींची घाई. चूल तर उघडच स्वयंपाकाची. मराठी घरातला प्रत्येक विस्तव असा कामाला जुंपलेला आहे. नुसते बसण्यासाठी जो विस्तव, ती शेकोटी. आणि ती घराबाहेर, खळ्यावर नाहीतर पारापाशी. तिच्याभोवती बहुधा पुरुष बसत. बायका त्या वेळी आत, दुसऱ्या विस्तवापाशी असत.

आम्ही घरात आणत होतो ती, शब्दाला जागून बोलायचे तर, शेकोटी होती.

जुन्या शेगडीविषयी मात्र अनादराने बोलवत नाही. डिसेंबर १९५२मध्ये लंडनवर धुरके साचून हजारो माणसे दगावली. १९५६च्या स्वच्छ हवा कायद्याने गावोगावी धूरनियंत्रण क्षेत्रे आखण्याची सोय केली, आणि पुढे १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत ब्रिटनमधली घरे कोळशापासून काढलेल्या गॅसवरून उत्तर समुद्रातल्या नैसर्गिक गॅसवर आली. उघड्या कोळशाच्या जाळासमोर जाळीदार, केशरी तापणारी ही पेटी बसली ती अशा काळात. ती दिसायला कुरूप होती खरी, पण कुणाची तरी राख काढण्यातून आणि काजळी पुसण्यातून सुटका करून ती आली होती.

परवानाधारक कारागिराने गॅसची नळी बंद केली. पेटी भिंतीपासून सुटली तेव्हा मागच्या पोकळीत काजळी, विटांचे तुकडे आणि जॅकडॉ या कावळ्याच्या भाईबंदाने धुराड्यातून टाकलेल्या काड्यांचा ढीग निघाला. मग धुराड्यात पोलादाची लवचीक नळी सोडली गेली, खाली पाटीच्या दगडाची फरशी आली, आणि कार्बन मोनॉक्साइड साठल्यास कर्कश ओरडणारे एक यंत्र. पेटवण्याची रीत आमच्या संस्काराच्या अगदी उलट निघाली. मोठी लाकडे तळाला, काटक्या वर, आणि काडी ओढायची ती माथ्यावर. जाळ वरून खाली उतरतो आणि धूर कमी होतो. चुलीत जाळ कमी करायचा तर लाकूड मागे ओढतात. इथे लाकडाला हात लावायचा नाही, हवेची झडप सरकवायची. फुंकणीला काहीच काम उरलेले नाही. सरपण सुके हवे हे मात्र दोन्हीकडे सारखेच. इंग्लंडमध्ये मे २०२१पासून थोड्या प्रमाणात विकल्या जाणाऱ्या लाकडात २० टक्क्यांपेक्षा जास्त ओल चालत नाही.

कोलरिजच्या 'फ्रॉस्ट ॲट मिडनाइट' (१७९८) या कवितेला त्याची स्वतःची एक टीप आहे. शेगडीच्या जाळीवर फडफडणाऱ्या काजळीच्या पापुद्र्याला लोक 'परका' म्हणतात आणि तो दिसला की दूर असलेला मित्र येणार असे मानतात, असे तिच्यात म्हटले आहे. वर्गात ही कविता शिकवताना चटकन जवळची वाटते, कारण चुलीतला जाळ फुरफुरला की पाहुणा येणार, असे आपल्याकडेही म्हणतात. पण दोन विस्तवांपुढे बसलेली माणसे वेगळी आहेत. तिकडे सारे घर झोपलेले, पाळण्यात मूल, आणि कवी एकटा जागा. तो पापुद्रा त्याला थेट शाळकरी वयात घेऊन जातो. इकडे जाळ फुरफुरतो तेव्हा चुलीपुढची बाई परातीत आणखी दोन भाकऱ्यांचे पीठ घेते. शकुन एकच. एकाला त्यातून आठवण मिळते, दुसरीला काम. तुलनात्मक अभ्यासात अशा साम्यांनी आपण फार लवकर हरखून जातो, असे आमचे मत होत चालले आहे.

आणि धूर? काचेआड तो दिसत नाही, एवढेच. नियमांत बसणारा स्टोव्हसुद्धा गॅसपेक्षा कितीतरी अधिक सूक्ष्म कण हवेत सोडतो, आणि ब्रिटनमध्ये अशा कणांच्या मोठ्या स्रोतांत घरगुती लाकूडजळण मोडते. आमचे घर तापवणारे रेडिएटर वेगळे आहेत. त्यामुळे हा जाळ म्हणजे हौस, आणि हौसेचा धूर शेजाऱ्याच्या खिडकीवरून जातो. कडाक्याच्या थंडीत, आठवड्यातून एखाददुसरी संध्याकाळ, असा मध्यममार्ग आम्ही काढला आहे. तो पुरेसा आहे की नाही, यावर आमचे दोघांचे एकमत नाही.

त्या हिवाळ्यात आई आल्या. (एकाच्या आई, दुसऱ्याच्या सासूबाई.) सांगलीकडच्या त्यांच्या घरात १९८१मध्ये गॅस आला, तोवरची वीस वर्षे त्यांनी चुलीपुढे काढली होती. सगळी हकिकत ऐकून त्या एवढेच म्हणाल्या, "आमच्याकडं गॅस आला तेव्हा आम्ही त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. तुम्ही पैसे देऊन काढलात?"

आम्ही स्टोव्ह पेटवला आणि त्यांना समोरची खुर्ची दिली. त्या बसल्या, पण मांडीवरच्या हातांचे काय करावे ते त्यांना उमगेना. पाचेक मिनिटांनी त्यांनी विचारले, "यात वांगं भाजलं तर चालेल का?"

माहितीपुस्तिकेत वांग्याविषयी काही नव्हते. जाळ बसून निखारे होईपर्यंत थांबलो आणि दार उघडले. वांगे त्यांनीच चिमट्याने ठेवले, खुर्ची मागे सारली आणि फरशीलगत खाली बसल्या. आम्ही दोघे कांदा चिरायला आत गेलो.