घुरघुर थांबली, टकटक राहिली

जात्यावरच्या ओव्यांची मी जमवलेली ध्वनिमुद्रणं डेस्कटॉपमधल्या दुसऱ्या हार्ड डिस्कवर आहेत. विंडोज एसएसडीवर असल्याने ही डिस्क बराच वेळ रिकामी बसते. संपादन करताना फाइल उघडली की संगणक काही सेकंद गोठायचा, आतून घुरघुर यायची, मग काम पुढे सरकायचं. शिवाय अधूनमधून बारीक ‘टक्’.

दुरुस्तीवाले म्हणाले, “डिस्क गेली, नवी टाका.” मला पटेना. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टल डिस्क इन्फो हे सॉफ्टवेअर उघडून पाहिलं, तर खराब सेक्टर दाखवणाऱ्या ०५ आणि सी५ या ओळींवर शून्य. साटा केबल बदलली, फरक नाही.

घुरघुरीचं कारण पॉवर ऑप्शन्समध्ये सापडलं. ‘टर्न ऑफ हार्ड डिस्क आफ्टर’ समोर २० मिनिटं होती. तेवढा वेळ काम नसलं की विंडोज डिस्कची मोटर थांबवतं आणि फाइल मागितली की तबकड्या पुन्हा वेगात यायला वेळ लागतो. तिथे ० भरलं, ‘नेव्हर’ झालं, गोठणं थांबलं.

टकटक मात्र तशीच! कारण ती विंडोजच्या हातात नव्हतीच. डिस्कच्या आत तिची स्वतःची वीजबचत असते, एपीएम. तबकड्या फिरत असतानाच ती हेड बाजूला नेऊन ठेवते. अशा प्रत्येक फेरीची नोंद सी१, म्हणजे ‘लोड/अनलोड सायकल काउंट’ या ओळीत होते. आकडा तिथे हेक्समध्ये दिसतो. दशमान करून घेतला, तेव्हा तो डोळ्यांदेखत वाढताना दिसला. बऱ्याच डिस्क ३ ते ६ लाख फेऱ्यांसाठी बनवलेल्या असतात. मिनिटाला दोन फेऱ्या धरल्या, तर अखंड चालू संगणकावर ३ लाख साडेतीन महिन्यांत भरतात. हे हिशेबाने कळलं तेव्हा पोटात गोळा आला. डिस्कवरच्या कित्येक आवाजांची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

आधी सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवलं, मगच हात लावला. त्याच सॉफ्टवेअरमध्ये एपीएमची किंमत बदलता येते. १ ते १२७ मध्ये मोटर थांबायची मुभा असते, १२८ पासून पुढे नसते; २५४ म्हणजे सर्वात कमी बचत. मी २५४ ठेवली. टकटक बंद, आकडा स्थिर. संगणक बंद करून लावला की माझी डिस्क मूळ पदावर येते, म्हणून ही किंमत सुरुवातीलाच आपोआप लागेल अशी सोय केली.

सगळ्याच डिस्क एपीएम बदलू देत नाहीत. पण डिस्क बदलण्याआधी सी१ ची ओळ जरूर पाहा, आणि त्याच्याही आधी प्रत काढा.